घासलेलं फूल: शेजारच्या आजोबांची जपानी रायफल

आधी प्रश्न काय होता ते सांगतो. न्यू जर्सीत एच-वन-बी व्हिसावर राहणाऱ्या एका मराठी कुटुंबाच्या शेजारचे आजोबा अठ्ठ्याण्णवाव्या वर्षी वारले. दुसऱ्या महायुद्धात ते अमेरिकन पायदळात, 25व्या डिव्हिजनमध्ये होते. तळघरात जुन्या ब्लँकेटमध्ये गुंडाळलेली एक जपानी रायफल निघाली. आजी म्हणतात, "ह्यांनी फिलिपिन्सच्या लुझोन बेटावरच्या लढाईत एका जपान्याच्या हातातून घेतली होती. तू आमच्यासाठी एवढं केलंस, आता तूच ठेव." त्या मराठी कुटुंबातल्या गृहस्थांनी मला चार फोटो पाठवले आणि तीन गोष्टी विचारल्या: ही खरी आहे का, हिची किंमत किती, आणि स्वच्छ घासूनपुसून पुण्याला वडिलांकडे भिंतीवर लावायला पाठवता येईल का?

मी ओहायोत राहतो, पेशाने धातूंचा माणूस. सव्वीस वर्षं महायुद्धातून घरी आलेल्या रायफली आणि पिस्तुलं जमवतोय. विकतो क्वचितच, बहुतेक वेळ लोकांच्या स्वयंपाकघरातल्या टेबलांवर बसून त्यांच्या बापजाद्यांच्या वस्तू बघण्यात जातो.

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण त्यात तुमचं नुकसान होऊ शकतं. घासायची नाही, पुण्याला पाठवायची नाही आणि तुम्ही स्वतः ती हातातही घ्यायची नाही. एच-वन-बी हा अमेरिकेच्या कायद्याने 'नॉन-इमिग्रंट', म्हणजे तात्पुरत्या वास्तव्याचा, व्हिसा आहे. अशा व्हिसावर आलेल्या माणसाने बंदूक किंवा काडतूस जवळ बाळगणं हा केंद्रीय गुन्हा आहे. शिकारीचा वैध परवाना वगैरे मोजके अपवाद आहेत, पण त्यांच्या आधाराने भेट स्वीकारायला जाऊ नका. पाच मिनिटं "बघायला म्हणून" घरी आणली तरी ती बाळगणंच होतं, आणि शस्त्राचा गुन्हा लागला तर पुढे ग्रीन कार्डाचं काय होतं ते तुम्हाला सांगायला नको. ग्रीन कार्डवाल्यांना ही केंद्रीय बंदी नाही. तरी न्यू जर्सीत साधी रायफल घ्यायलाही पोलिसांकडून आधी ओळखपत्र काढावं लागतं. ओहायोत तसलं काही लागत नाही. म्हणून माझ्या ओळखीच्यांनी "अरे, काही होत नाही" असं सांगितलं तर ते त्यांच्या राज्यापुरतं धरा.

आजींना सांगा, गावातल्या परवानाधारक बंदूक दुकानदाराला फोन करा. तो येऊन बोल्ट (काडतूस नळीत ढकलणारा सरकता दांडा) मागे ओढेल, नळीत आणि मॅगझिनमध्ये, म्हणजे गोळ्यांच्या कप्प्यात, काडतूस नाही ना ते डोळ्यांनी आणि बोटाने तपासेल. 80 वर्षं ब्लँकेटमध्ये होती म्हणून ती रिकामी असेलच असं नाही. मी दोन भरलेल्या पाहिल्यात.

आता फोटो. रिसीव्हरच्या (बोल्ट ज्यात सरकतो त्या पोलादी भागाच्या) वरच्या गोलाईवर, नळी जिथे सुरू होते तिथे, तीन जपानी अक्षरं एकाखाली एक आहेत आणि त्यांतली पहिली दोन हुबेहूब सारखी. तो आकडा नऊ-नऊ, खाली 'प्रकार' असं अक्षर. म्हणजे ही 'टाइप 99' अरिसाका, दुसऱ्या महायुद्धातली जपानी लष्कराची रायफल. जपानच्या जुन्या शाही कालगणनेतलं 2599 वर्ष म्हणजे आपलं 1939, त्यातला शेवटचा 99. हिच्या आधीची 'टाइप 38' ओळखायला सोपी. तिथे पहिलं अक्षर तीन आडव्या रेघांचं, दुसरं दोन तिरक्या फराट्यांचं. ती मेइजी सम्राटाच्या काळातल्या 38व्या वर्षाची, म्हणजे 1905 ची. गोळीही वेगळी: 38 ची 6.5 मिलिमीटर, 99 ची 7.7.

डाव्या बाजूला अनुक्रमांक, त्याआधी छोट्या वर्तुळात 'काना' नावाच्या जपानी लिपीतलं एक अक्षर. जपानी कारखाने 99,999 पर्यंत आकडे गेले की नवी मालिका सुरू करत आणि तिला 'इ, रो, हा, नि, हो...' ह्या जुन्या क्रमातलं पुढचं अक्षर देत. त्यामुळे नुसता अनुक्रमांक सांगून उपयोग नाही, ते अक्षर हवंच. तुमच्या फोटोत ते धूसर आहे. आकड्यानंतरचं चिन्ह मात्र स्पष्ट आहे. नागोया किल्ल्याच्या छपरावरच्या सोन्याच्या शाची माशांच्या जोडीवरून घेतलेला ठसा, म्हणजे रायफल नागोया शस्त्रागाराची. पुढे नळीखाली तारेचा दुमडता पाय अजून आहे, तेव्हा ही शेवटच्या घाईतली नव्हे. 1945 कडे येईतो जपान्यांनी तो पाय काढला, नेम धरायची मागची वर-खाली होणारी माशी जाऊन एक भोक पाडलेला पत्रा आला, दस्त्याच्या टोकाला लोखंडाऐवजी लाकडाची फळी खिळ्यांनी ठोकली गेली. लोक अशा रायफलींना हसतात. मला त्या आवडतात. एखाद्या देशाचं पोलाद संपत चाललंय हे कुठल्याही आकडेवारीपेक्षा त्या खिळ्यांतून जास्त कळतं. जाता जाता, ह्याच टाइप 99 काही लाखांच्या संख्येने हिरोशिमाजवळ 'तोयो कोग्यो' नावाच्या कंपनीने केल्या. आज इथे अमेरिकेतल्या निम्म्या मराठी घरांपुढे तिच्याच माझदा गाड्या उभ्या असतात.

खरा मुद्दा तिसऱ्या फोटोत आहे. अक्षरांच्या वर सोळा पाकळ्यांचं शेवंतीचं फूल असायला हवं. ते जपानच्या सम्राटाचं चिन्ह, रायफल सम्राटाच्या मालकीची असल्याची खूण. तुमच्या रायफलीवर तिथे फूल नाही. कानशीचे तिरके ओरखडे आहेत, एका कडेला दोन पाकळ्यांची टोकं जेमतेम उरलीत.

हे का घासलं ह्यावर संग्राहकांत अजून वाद आहेत. शत्रूच्या हाती सम्राटाचं चिन्ह जाऊ नये म्हणून जपान्यांनी स्वतःच घासलं असं एक सांगणं, अमेरिकन हुकमावरून घासलं असं दुसरं. कधी घासलं ह्यावर मात्र फारसा वाद नाही. ऑगस्ट 1945 मध्ये जपान शरण आल्यावर जी शस्त्रं ढिगांनी गोळा झाली, त्यांच्यावर असे ओरखडे दिसतात. लढाई चालू असताना मेलेल्या किंवा पळालेल्या सैनिकाची रायफल उचलली तर फूल शाबूत असतं. कोण बसणार होतं तिथे कानस घेऊन? तिसराही एक प्रकार आहे. लष्कराने युद्धाआधी किंवा युद्धातच शाळांना कवायतीसाठी दिलेल्या रायफलींवर फुलावर छोटे ठसे मारून ते रद्द करत. तिथे ठशांखाली फूल दिसत राहतं. तुमच्याकडे ठसे नाहीत, सरळ कानस आहे.

म्हणजे ही रायफल बहुधा लुझोनच्या रानात कुणाच्या हातातून घेतलेली नाही. 25वी डिव्हिजन जानेवारी 1945 मध्ये लुझोनवर उतरली, बालेते खिंडीसाठी महिनोन्महिने झुंजली आणि सप्टेंबरात व्यापलेल्या जपानकडे निघाली. तिथे त्यांचा मुक्काम नागोयाच्या परिसरात होता. नागोयाचा ठसा, घासलेलं फूल आणि नागोयातली डिव्हिजन हे तिन्ही एकत्र पाहिलं की मला गोदामातला ढीग आणि रांगेत उभी पोरं दिसतात. घरी परतणाऱ्या प्रत्येकाला एखादी आठवण घेऊ देत. नागोयाच्या रायफली सगळ्या आघाड्यांवर गेल्या होत्या, त्यामुळे त्या ठशाला मी पुरावा म्हणत नाही. फुलाला म्हणतो.

एवढं आजींना सांगायचं का?

माझी एक चूक सांगतो. छंदाच्या चौथ्या-पाचव्या वर्षी एका गृहस्थांनी वडिलांचं जपानी नांबू पिस्तूल दाखवायला बोलावलं. 'टाइप 14', आठ मिलिमीटरचं. "ग्वादलकनालला एका अधिकाऱ्याला मारून घेतलं," असं वडील चाळीस वर्षं सांगत आले होते. ग्वादलकनाल म्हणजे पॅसिफिकमधलं एक बेट. ह्या पिस्तुलांवर तारीख असते. मी उजवी बाजू भिंगाखाली धरली: 19.5. शोवा, म्हणजे सम्राट हिरोहितोच्या काळाचं 19वं वर्ष, पाचवा महिना. शोवा वर्षात 1925 मिळवा, मे 1944. ग्वादलकनालची लढाई फेब्रुवारी 1943 मध्ये संपली होती. मी मोठ्या हुशारीने हे गणित कागदाच्या रुमालावर मांडून दाखवलं. ते काही बोलले नाहीत. पिस्तूल बुटांच्या खोक्यात ठेवलं, झाकण लावलं, मला कॉफी विचारली. पुन्हा त्यांनी कधी फोन उचलला नाही.

तारीख बरोबरच होती, पण मी काढलेला अर्थ अर्धवट होता. माणूस ग्वादलकनालला लढला असेल, तिथलं पिस्तूल पुढे पत्त्यांत हरला असेल आणि दुसरं कुठेतरी सिगारेटच्या दोन कार्टनवर घेतलं असेल. मागच्या तळांवर ह्या वस्तूंचा बाजारच भरायचा. बांधकाम दलातली पोरं पॅराशूटच्या कापडावर लाल गोळा रंगवून 'जपानी झेंडे' करून विकत. म्हातारपणी दोन पिस्तुलांची एक गोष्ट झाली तर त्याला मी आता खोटं म्हणत नाही.

म्हणून आजींनी न विचारता काही सांगू नका. पण रायफल पुढे ज्याच्याकडे जाईल त्याला जे दिसतंय ते लिहून द्या. ह्या दोन गोष्टी वेगळ्या ठेवता आल्या पाहिजेत.

आता कागद. युद्धात जिंकलेलं शस्त्र नियमाने शिपायाचं नसतं, त्याच्या सरकारचं असतं. आपल्याकडे 1739 मध्ये वसई घेतल्यावर पोर्तुगीज चर्चच्या घंटा उतरवून देवळांत टांगल्या गेल्या, एकाही बारगिराच्या वाड्यात गेल्या नाहीत. अमेरिकन शिपायाला वस्तू घरी न्यायची तर वरिष्ठाची सही असलेला दाखला लागे. 1945 च्या मे महिन्यात युद्धखात्याच्या 155 क्रमांकाच्या परिपत्रकाने ह्याची पद्धत घालून दिली, आणि त्याचा हवाला अशा बऱ्याच दाखल्यांवर सापडतो. ह्या दाखल्याला संग्राहक जीव टाकतात. त्यावर नाव, सैनिक क्रमांक, वस्तूचं वर्णन असतं, आणि नशीब जोरावर असेल तर बंदुकीचा अनुक्रमांकही. अनुक्रमांक असलेला आणि बंदुकीशी जुळणारा दाखला म्हणजे सोनं. नुसतं 'एक जपानी रायफल' असं लिहिलेला दाखला कुठल्याही रायफलीला चिकटवता येतो आणि चिकटवला जातो. कोरे नमुने मिळतात, जुना टाइपरायटर मिळतो. म्हणून कागद विकत घेताना मी आधी कागद बघतच नाही, बंदूक बघतो.

आजींकडे शोधायला सांगा: बायबलमध्ये, पदकांच्या डबीत, आयकराच्या फायलींत. त्याहून महत्त्वाचा आजोबांचा डिस्चार्जचा, म्हणजे सैन्यातून सुटल्याचा, कागद. त्यावर कुठल्या मोहिमा, परदेशी कधी निघाले, कधी परतले हे सगळं असतं. हरवला तर सरकारकडून मिळेलच ह्या भरवशावर राहू नका. 12 जुलै 1973 ला सेंट लुइसच्या नोंदणी केंद्राला आग लागली आणि 1912 ते 1960 मध्ये सुटलेल्या भूदलाच्या सैनिकांच्या सुमारे 80 टक्के फायली जळाल्या. घरातला कागद ही पुष्कळदा एकमेव प्रत असते.

चौथ्या फोटोखाली तुम्ही लिहिलंय, "दस्त्याला लांब तडा गेलाय, फेव्हिकॉलसारखं काही भरू का?" तो तडा नाही. अरिसाकाचा दस्ता मुळातच दोन तुकड्यांचा, खालचा तुकडा खाच करून बसवलेला. बहुतेक सगळ्यांचा तसाच. लाकूड वाचवायला आणि मजबुतीसाठी. त्याच्यात डिंक भरणारे लोक मी पाहिलेत, म्हणून आधीच सांगतो.

आणि घासण्याबद्दल. माझी पहिली रायफल टाइप 38 होती. दस्ता काळपट, चिकट. मी पॉलिशपेपर घेऊन रविवारभर बसलो, वर जवसाचं तेल चोळलं, लाकूड मस्त चमकलं. सोमवारी सकाळी दोन्ही मनगटं आणि पापण्या सुजल्या, बारीक फोड. डॉक्टर म्हणाले, पॉयझन आयव्ही, म्हणजे इकडचा अंगावर फोड आणणारा वेल. मी म्हटलं, जानेवारीत? मग उलगडा झाला. जपानी दस्त्यांवर 'उरुशी' नावाच्या झाडाच्या चिकाचा लेप असतो. ते झाड पॉयझन आयव्हीच्या कुळातलं, आणि आपला बिब्बाही त्याच कुळातला. लहानपणी बिब्बा उतलेला ज्यांनी पाहिलाय त्यांना वेगळं सांगायला नको. फोड दहा दिवसांत गेले. त्या लेपाबरोबर दस्त्यावर कुणीतरी रंगाने लिहिलेली दोन अक्षरं गेली, ती काय होती हे मी कधीच वाचलं नव्हतं. धातूवरच्या गंजावर तेलाचा पातळ हात आणि मऊ फडकं, बस. तारेचा ब्रश, नवा निळा रंग, वॉर्निश ह्यांतलं काहीही केलं की किंमत त्याच दिवशी पडते.

किंमत विचारलीत. फूल घासलेली, बाकी पूर्ण टाइप 99 काहीशे डॉलरची वस्तू. फूल शाबूत, धूळझाकण, माशीच्या बाजूचे विमानविरोधी पंख, नळी साफ करायची सळई आणि जुळणारा बोल्ट असेल तर बरीच जास्त. बोल्टच्या मुठीच्या मुळाशी अनुक्रमांकाचे शेवटचे तीन आकडे असतात, ते जुळतात का बघायला दुकानदाराला सांगा. पुष्कळदा जुळत नाहीत. मूळ पट्टा, गोळ्यांची पेटी, सोबतची पत्रं ह्यांनी भाव वाढतो. गोष्टीने वाढत नाही.

पुढे कुणी ती चालवायची म्हटलं तर आधी बंदूक दुरुस्त करणाऱ्याकडून नळीचं माप घ्यायला हवं. युद्धानंतर 7.7 ची काडतुसं मिळेनात म्हणून पुष्कळांनी गोळीचं घर कोरून अमेरिकन काडतुसासाठी मोठं करून घेतलं. बाहेरून काही कळत नाही. शिवाय जपान्यांनी कवायतीसाठी अशाच दिसणाऱ्या, पण ओतीव लोखंडाच्या आणि गुळगुळीत नळीच्या रायफली केल्या होत्या. त्यात खरी गोळी घालणं म्हणजे तोंडाशी सुतळी बॉम्ब. खरी अरिसाका मात्र फार दणकट. युद्धानंतर अमेरिकेत लष्करी रायफलींत दारू वाढवत नेऊन चाचण्या झाल्या, त्यांत शेवटपर्यंत टिकणाऱ्यांत हिचा नंबर होता.

आजींच्या तळघरात आणखी काही आहे का, हेही सौम्यपणे विचारा. जर्मन किंवा जपानी मशीन गन निघाली तर कुणीही हलवू नका, फोटो काढून कुणाला पाठवू नका, आधी वकील गाठा. 1934 च्या कायद्याप्रमाणे तिची सरकारी नोंद हवी. नोंद नसलेल्यांना 2 नोव्हेंबर ते 1 डिसेंबर 1968 अशी एक महिन्याची माफी मिळाली होती. तेव्हा जी नोंदली गेली नाही ती आज खाजगी माणसाला नोंदवता येत नाही, आणि शिक्षा दहा वर्षांपर्यंत. वकिलामार्फत ती सरकारजमा करता येते, आणि कधीकधी सरकारी संग्रहालयाला देण्याची वाट निघते.

पुण्याचं. अमेरिकेतून बाहेर पाठवायला इकडची परवानगी, तिकडे उतरवायला 1959 च्या शस्त्र कायद्याखाली परवाना, आणि भिंतीवर टांगायची असली तरी ती बंदूकच. वडिलांना फोटो मोठा करून पाठवा. ह्याच निमित्ताने, आजोबा मराठा रेजिमेंटमधून इटलीला गेले होते आणि घरात जर्मन पिस्तूल आहे, असे निरोप मला वर्षा-दोन वर्षांनी येतात. यशवंत घाडगे आणि नामदेव जाधव ह्यांनी व्हिक्टोरिया क्रॉस मिळवला तीच ती इटली, तेव्हा गोष्ट अशक्य नाही. पण ते पिस्तूल नऊ मिलिमीटरचं असेल तर भारतात ते 'प्रतिबंधित बोअर'मध्ये मोडतं (बोअर म्हणजे नळीचा आतला व्यास). पेटीत लपवून पुढच्या पिढीला देऊ नका. वकिलाला घेऊन जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करता येतं, आणि मग वारस म्हणून परवान्याचा अर्ज. उशीर जितका जास्त तितकं उत्तर देणं अवघड.

तर आजींसाठी माझा सल्ला असा. रायफल आजोबांच्या नातवंडांपैकी कुणाला हवी का, हे आधी विचारा. आजी त्यांना विसरल्या नसतील, कदाचित कुणी विचारलंच नसेल. कुणालाच नको असेल तर दुकानदारामार्फत विका किंवा गावातल्या इतिहास मंडळाला द्या. तुम्हाला आठवण हवीच असेल तर डिस्चार्जच्या कागदाची प्रत आणि ते ब्लँकेट मागा. ब्लँकेटवर लष्कराचा शिक्का असेल तर तेही छोटं ऐतिहासिक कापडच आहे, आणि ते ठेवायला कुठलाही व्हिसा आडवा येत नाही. पदकांच्या डबीत शाईने नावं लिहिलेला रेशमी झेंडा सापडला तर तो विकू नका. ओरेगॉनमधल्या ॲस्टोरियाची 'ओबॉन सोसायटी' असे झेंडे जपानमधल्या त्या सैनिकांच्या घरी पोचवते.

आणि एक काम माझ्यासाठी. दस्त्याच्या उजव्या बाजूला, तुम्ही ज्याला तडा म्हणालात त्याच्या दोन बोटं वर, काहीतरी कोरल्यासारखं दिसतंय. दुकानदार आला की त्याला टॉर्च बाजूने, अगदी तिरका धरायला सांगा आणि फ्लॅश बंद करून जवळून फोटो घ्या.